विमान दिसेपर्यंत

ज्या विमानाकडे बघून सत्यभामाबाई हात हलवत होत्या, त्या विमानात त्यांची प्रियंका नव्हती. ती त्यात बसणार नाही हे मला आधीपासून ठाऊक होतं. पण तिची आई नागपूरच्या विमानतळाबाहेर उन्हात उभी राहून आभाळाला हात करत असेल आणि त्याच वेळी पोरगी मागून सामानाची गाडी ढकलत येईल, हे माझ्या कल्पनेतही नव्हतं. या गोष्टीला आता दोन महिने होत आले. अजूनही भाजी निवडता निवडता ते समोर येतं आणि हात थांबतो.

सत्यभामाबाईंचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. मी लग्न होऊन पांढरकवड्याला आले तेव्हापासूनचा शेजार. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. बुटक्या, रुंद हाडाच्या, पदर कायम कमरेला खोचलेला. शाळेतलं मोठं पातेलं चुलीवरून एकट्या उतरवतील अशा. त्यांचे यजमान नागोराव जिनिंगमध्ये कामाला. उमेदीची सगळी वर्षं रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या मशिनीशेजारी गेली, त्यात कान गेले. त्यांच्याशी बोलायचं तर गल्लीला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं बोलावं लागतं. त्या घरात गुपित म्हणून काही राहूच शकत नाही, असं आम्ही थट्टेनं म्हणत असू.

गल्लीत सत्यभामाबाईंची खरी ओळख मात्र वेगळीच. कोणीही गावाला निघालं की त्याला पोचवायला त्या जाणारच. कोणाची सासरी निघालेली लेक, कोणाचा परीक्षेला निघालेला मुलगा. एकदा तर आमच्याकडे आलेला विम्याचा एजंटही त्यांनी एस.टी. स्टँडपर्यंत पोचवला होता. आणि पोचवणं म्हणजे गाडीत बसवून परत येणं नव्हे. गाडी स्टँडाच्या बाहेर पडून वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हात वर धरून उभं राहायचं. बाकीच्या बाया कधीच्या घरी पोचून चहाला लागलेल्या असायच्या, या उभ्याच.

मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी भावाची गोष्ट सांगितली. थोरला भाऊ राजूरच्या कोळसा खाणीत कामाला लागला, तेव्हा लहानग्या सत्यभामा त्याला पोचवायला गेल्या होत्या. गाडी हलली, या उड्या मारत घरी आल्या. गाडी पुढच्याच वळणावर बंद पडली. भाऊ दिवसभर रस्त्याच्या कडेला ट्रंकेवर उपाशी बसून होता, घरापासून हाकेच्या अंतरावर. परत आला नाही, कारण एकदा निरोप घेऊन निघालेला माणूस परत कसा येणार? लोक काय म्हणतील?

"गाडी हालली म्हणजे मानूस गेला असं थोडीच असते, ताई," त्या म्हणाल्या होत्या. "दिसेनासा झाला म्हणजे गेला."

प्रियंका त्यांची एकुलती एक. यवतमाळला नर्सिंग केलं, काही वर्षं तिथल्याच एका दवाखान्यात काढली आणि मग एका एजंटमार्फत इंग्लंडला गेली, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या एका केअर होममध्ये. आमच्या गल्लीतून विमानात बसलेली ती पहिली मुलगी. तेव्हापासून सत्यभामाबाईंच्या डोक्यात दोन घड्याळं चालायची. शाळेतून येऊन हातपाय धुता धुता म्हणायच्या, आता पोरगी जेवाले बसली असंन. आपली संध्याकाळ ती तिची दुपार. रविवारी तिची ड्युटी उशिरा संपायची, म्हणून गल्ली झोपली तरी या फोन उशाशी घेऊन जाग्याच. फोन आला की भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येई, कारण नागोरावांनाही ऐकू गेलं पाहिजे. तिकडे ऊन पडलं, तिकडची एक म्हातारी तिला भाकर कशी करतात ते विचारते, हे सगळं मला सत्यभामाबाईंच्या आवाजात ठाऊक झालेलं.

या फेब्रुवारीत प्रियंका आली. तीन वर्षांनी. आपल्याकडे बाहेरगावाहून आलेल्या पोरीला बूट काढायच्या आत पहिला प्रश्न असतो, 'केव्हा जाणं आहे?' प्रियंकाजवळ उत्तर तयार होतं. जाण्यायेण्याचं तिकीट होतं, परतीची तारीख त्यावर छापलेली. सत्यभामाबाईंनी ती तारीख खिचडीच्या पातेल्यापाशी, बुद्धविहारात, किराणा दुकानात, सगळीकडे सांगून टाकली. मी एक पाहिलं आहे, ज्या पोरीजवळ जायची तारीख असते तिला कोणी दुसरं काहीच विचारत नाही.

मीही विचारलं नसतं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती मला आणलेली चॉकलेटं द्यायला म्हणून आत बोलावून घेऊन गेली आणि तिची मोठी बॅग उघडी होती. त्यात तिची रोजची उशी होती, खोळ मळलेली. अर्धी वापरलेली तेलाची बाटली होती. आणि जाताना आईनं दिलेला छोटा कुकर होता, बुडाला काळा पडलेला. तीन आठवड्यांसाठी माहेरी येणारी पोरगी कुकर घेऊन येत नाही. मी बॅगेकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी ती आपणहून आमच्या गच्चीवर आली. मी वाळलेल्या मिरच्या गोळा करत होते, तीही बसली आणि मिरच्यांची देठं खुडता खुडता तिनं सांगितलं.

ज्या केअर होमनं तिला बोलावलं होतं, त्याचा बाहेरची माणसं आणण्याचा परवाना सरकारनं काढून घेतला होता. काही गैरप्रकार मालकानं केले, पण परवाना गेला तसा त्याच्या नावावर आलेल्या सगळ्यांचा व्हिसाही गेला. ठरलेल्या मुदतीत दुसरा मालक शोधा, नाहीतर आपल्या देशात जा. तिनं जमेल तिथे अर्ज केले. कोणी घेतलं नाही. मुदत संपत आली तेव्हा तिनं तिकीट काढलं.

"मग हे परतीचं?" मी विचारलं.

"काकू, नुसतं येण्याचं तिकीट महाग पडत होतं. जाण्यायेण्याचं स्वस्त होतं. म्हणून ते घेतलं. जायचं तिकीट फुकट जाऊ द्यायचं."

मला पहिल्यांदा कळेचना. आमच्या बाजारात मेथीची अख्खी जुडी दहाला आणि अर्धी पंधराला, असं कोणी सांगितलं तर बाया त्याला पाटीसकट उठवतील. मी तसं म्हटलं तेव्हा ती हसली. गावी आल्यापासून पहिल्यांदाच हसली असावी. मग म्हणाली, "बसू म्हटलं तरी आता तिकडचे लोक उतरू देणार नाहीत. माझं तिथं काही नाही राह्यलं, काकू." आणि पुन्हा मिरच्यांकडे वळली.

मला जो धक्का बसला तो तिच्या नोकरीचा नव्हता. नोकऱ्या जातात. धक्का याचा की ती तारीख, जिच्यावर सत्यभामाबाई दिवस मोजत होत्या, पापड लाटत होत्या, जवसाची चटणी कुटत होत्या, ती तारीख मुळात नव्हतीच. स्वस्तात मिळाली म्हणून आलेली ती तारीख होती. मी तिला म्हटलं, आईला सांग. ती म्हणाली, सांगते काकू, दोन दिवस द्या. ते तिचं सांगायचं होतं, माझं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. रोज मात्र अंगणातून डोळ्यांनी विचारायची आणि ती मान हलवायची, नाही.

मधे एकदा ती व्हिसाचं काम आहे म्हणून एकटीच नागपूरला जाऊन आली. मला वाटलं, काही मार्ग निघतोय.

निघायचा दिवस उजाडला. नागोरावांचा भाचा धम्मरत्न याची क्रूझर जीप दारात लागली. एका मुलीला पोचवायला क्रूझर कशाला, असं प्रियंका आदल्या दिवसापासून म्हणत होती. मी बसनं जाते, कोणी येऊ नका, आईची शाळा बुडते. तिचं कोण ऐकणार? सत्यभामाबाईंनी सुट्टी टाकली होती. नागोराव इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर सर्वांत आधी बसले होते. शिवाय मी, आणि आमच्या गल्लीचं वर्तमानपत्र म्हणजे इंदुताई. इंदुताईंचा आयुष इंग्लंडमध्ये शिकतो, त्याच्यासाठी त्यांनी कुरड्या आणि तुपातल्या शेवयांचा एक मोठा डबा प्रियंकाच्या हाती दिला होता. पोरगी नको म्हणू शकली नाही.

निघण्याआधी घरात सगळ्यांनी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंसमोर मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हटलं. मी मागे हात जोडून उभी होते. नंतर मी प्रियंकाला स्वयंपाकघरात गाठलं. ती म्हणाली, "गाडीत सांगते, काकू. गाडीत बाबांना ऐकू येणार नाही. आधी आईलाच सांगते."

गाडीत सत्यभामाबाईंनी कोणाला बोलूच दिलं नाही. वडकी आलं, हिंगणघाट गेलं. हा पळस बघ, तिकडे असा फुलत नाही. तिथं पोचली की आधी पायाले तेल लाव. त्या म्हातारीले माही चटणी देजो, पण थोडीच, नाहीतर तिले सोसणार नाही. इंदुताई मधूनमधून टोमणा मारत. आता येशीन तं जावई घेऊन ये वं, आमच्या इथं बस्ता बांधू. प्रियंका खिडकीबाहेर बघत होती. एकदोनदा तिनं "आई" म्हटलं. सत्यभामाबाई लगेच म्हणायच्या, "काय पाह्यजे? पानी देऊ?" आणि ती म्हणे, "नाही, काही नाही."

विमानतळ आलं. आत फक्त तिकीट असलेल्यालाच सोडतात. तिनं सगळ्यांच्या पाया पडून घेतलं, आईला मिठी मारली, आणि दारावरच्या जवानाला तिकीट-पासपोर्ट दाखवून आत गेली. काचेतून एकदा वळून हात केला. मग दिसेनाशी झाली.

मी अवाक. सांगितलं नाही. सांगितलं नाही, आणि आत गेली. आता ती आत काय करणार, तिला विमानात तर कोणी बसू देणार नाही, आणि मी इथे काय करू? मला वाटलं, आता आपण निघू, ती मागाहून बाहेर येईल, मला फोन करील, मग काहीतरी बघू. प्रियंकालाही हेच वाटलं होतं, असं नंतर कळलं. तिनं हिशेब धरला होता की काचेतून हात केला की लोक निघतात.

पण ती सत्यभामाबाईंची मुलगी असून हे विसरली. सत्यभामाबाई तिथून हलायला तयारच नव्हत्या. दिसेनाशी झाली ती पोरगी. गाडी कुठं गेली अजून? त्यांनी पार्किंगच्या टोकाला एका झाडाखाली सतरंजी पसरली, दशम्या, ठेचा, तिखट पुऱ्या काढल्या आणि सगळ्यांना वाढलं. एक शिपाई येऊन बघून गेला, त्यालाही दोन पुऱ्या दिल्या. धम्मरत्नला काम लावलं, मोबाइलवर बघ कोणतं विमान. तो बघत बसला. मी हातातली पुरी नुसती मोडत बसले होते. इंदुताई म्हणाल्या, "तुमचीच पोरगी चालली की काय? तोंड तर बघा."

बऱ्याच वेळानं धम्मरत्न म्हणाला, "मामी, निघालं."

सगळे उठले. इमारतीच्या पलीकडून आधी आवाज आला, मग ते वर दिसलं. पांढरं, उन्हात चमकणारं. सत्यभामाबाईंनी हात वर केला. नागोरावांनी केला. धम्मरत्ननं, इंदुताईंनीही. विमान लहान होत गेलं तरी सत्यभामाबाईंचा हात वरच. ओठ हलत होते.

मी वर बघत नव्हते. मला बघवत नव्हतं. म्हणून मी मागे वळले आणि मला प्रियंका दिसली.

ती सामानाची गाडी घेऊन पार्किंगमध्ये आली होती आणि तिथेच खिळली होती. ती आईकडे बघत होती. आभाळाला हात करणाऱ्या तिच्या आईची पाठ तिच्यासमोर होती. डाव्या हाताला टॅक्सीवाले उभे होते. चार पावलं टाकली असती तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काही खूण केली नाही. खरं सांगायचं तर मला सुचलीच नाही.

"आई," तिनं हाक मारली.

सत्यभामाबाई वळल्या. हात अजून अर्धा वरच होता. पहिल्यांदा त्यांना काही वेगळं वाटलंच नाही. "काय राह्यलं वं?" त्या म्हणाल्या, आणि सतरंजीवर वाकून पिशव्या चाचपू लागल्या.

"काही नाही राह्यलं."

"मंग बाहेर काहून आली? इमान तं गेलं. आत्ता गेलं, मी हात केला."

"मी त्याच्यात नव्हती, आई. मी जाऊनच नाही राह्यली. जायचं नव्हतंच."

मग तिनं तिथे उभ्या उभ्या सगळं सांगितलं, गच्चीवर मला सांगितलं होतं तसंच. परवाना, व्हिसा, मुदत. एकेरी महाग, दुहेरी स्वस्त. सत्यभामाबाईंच्या चेहऱ्यावर मी काही शोधत होते, राग, रडू, काहीही. काहीच नव्हतं. शाळेत उकळत्या पातेल्यात कोणी पाणी ओतलं की सगळं एकदम थंड पडतं, तसा तो चेहरा झाला होता.

नागोराव इतका वेळ एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी बायकोच्या कोपराला हात लावला. "काय म्हन्ते थे?"

आणि मग जे झालं त्याचा विचारही कोणी केला नव्हता. सत्यभामाबाईंना ते मोठ्यानं सांगावं लागलं. पार्किंगमध्ये, सगळ्या लोकांत.

"थे गेली नाही," त्या नवऱ्याच्या कानाशी ओरडल्या. "काम सुटलं तिचं. तिकडचं काम सुटलं." त्यांना नीट ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा, आणखी मोठ्यानं. "काम सुटलं पोरीचं. आता तिकडं जात नाही थे."

लोक वळून बघू लागले. टॅक्सीवाले बोलायचे थांबले. नागोराव हळूच खाली, सतरंजीच्या कडेवर बसले. इंदुताईंच्या तोंडून मात्र निघायचं ते निघालंच, "मंग माह्या आयुषचा डबा?" त्यांनाच कसंतरी झालं असावं, त्या पदरानं तोंड पुसू लागल्या.

"आता कुठं चालली होती?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"इथंच. नागपुरात. एका दवाखान्यात लागली, सोमवारपासून. खोली घेतली."

"खोली दाखव."

विमानतळापासून ती खोली लांब नव्हती. मनीषनगरच्या आतल्या बाजूला एक तीनमजली इमारत, वर मुलींच्या खोल्या. जिना चढताना सत्यभामाबाई पुढे, किल्ली प्रियंकाजवळ, म्हणून त्यांना दारापाशी थांबावं लागलं. प्रियंकानं कुलूप उघडलं, पण दाराला हात लावेना. शेवटी सत्यभामाबाईंनीच ढकललं.

एक लोखंडी पलंग, एक प्लास्टिकची खुर्ची. आणि पलंगामागे पडदा. राखाडी रंगाचा, त्यावर पिवळी पानं.

तो पडदा मला ओळखीचा होता. आम्हा सगळ्यांना होता. तीन वर्षं दर रविवारी सत्यभामाबाईंच्या मोबाइलवर प्रियंका त्याच पडद्यासमोर बसून बोलायची. सणावाराला तो मोबाइल गल्लीत हातोहात फिरायचा, तेव्हा प्रियंकाच्या मागे हीच पिवळी पानं. इंग्लंड म्हणजे आम्हाला तो पडदाच माहीत होता. इंदुताईंनी माझं मनगट धरलं.

सत्यभामाबाई पलंगाजवळ गेल्या आणि त्यांनी पडदा बाजूला केला. मागे खिडकी नव्हती. खिडकी पलीकडच्या भिंतीला होती. तिकडून बॅगेत घालून आणलेला पडदा नुसत्या भिंतीवर टांगला होता, दोन खिळ्यांना दोरी बांधून. व्हिसाच्या कामाला म्हणून ती आली होती, ते हे काम होतं.

मी आयुष्यात खोटं बोलणारी बरीच माणसं पाहिली, पण खोट्यासाठी खिळे ठोकलेले पहिल्यांदा पाहिले.

"इथं बसून बोलणार होती?" सत्यभामाबाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"होय."

"मी तिकडचे वाजले किती थे मोजत बसली असती. तुही ड्युटी सुटाची वाट पाह्यत जागली असती. अन् तू इथं. तीन तासांवर."

"होय."

"किती दिवस?"

"तिकडं दुसरं काम मिळेलोक. मी अर्ज करून राह्यली, आई. मिळालं की खरंच गेली असती, मंग तुले कधी सांगाचं कामच पडलं नसतं."

"अन् नाही मिळालं तं?"

तिनं एवढंच म्हटलं की तू सगळ्यांना तारीख सांगितली होती. विहारात, दुकानात. तू इतकी खुश होती. मी रोज सांगायला उठत होते आणि तू तारीख सांगून येत होती.

"म्हणजे माह्यावर आलं."

"नाही, तुह्यावर नाही."

"सकाळी पंचशील म्हटलं तुनं माह्याजवळ बसून. मुसावादा म्हटलं. खोटं बोलणार नाही म्हणून म्हटलं."

"नाही म्हटलं," प्रियंका म्हणाली. "बाकी चारही म्हटले. त्या ओळीले मी चूप होती."

सत्यभामाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हात उचलतील. त्यांचा खालचा ओठ हलला, आणि मी शपथेवर सांगते, त्यात हसू होतं, अगदी इवलंसं, रागाच्या आतून कुठूनतरी आलेलं. ते आलं तसं गेलं. मग त्यांनी त्या दोन खिळ्यांवरची दोरी सोडली, पडदा काढला, झटकला आणि नीट चार पदरी घडी करून खुर्चीवर ठेवला. भिंतीवर खिळे ठोकताना उडालेल्या पोपड्यांचे डाग दिसू लागले.

"मी पोरांले खिचडी शिजवते," त्या म्हणाल्या. "मले काय लाज वाटणार हाय तुही? मले थे नाही समजून राह्यलं, की तू घरी आली, माह्या हातचं जेवली, माह्या कुशीत निजली, अन् तू आलीच नव्हती."

प्रियंका तेव्हा रडली. सत्यभामाबाईंनी तिला जवळ घेतलं नाही. त्या पलंगावर बसल्या, पाय वर घेतले, पाठ भिंतीला टेकली आणि समोरची जागा हातानं थोपटली.

"बस इथं. आता पहिल्यापासून सांग. काम सुटलं त्या दिवशी काय झालं, कोणं सांगतलं, तू कुठं गेली, काय खाल्लं. काही गाळू नोको."

मी इंदुताईंना दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. जिन्यात नागोराव बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. आम्ही दोघी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो. गल्लीत परत गेल्यावर कोणाला काय सांगायचं, याचा शब्दही इंदुताईंनी काढला नाही. मला वाटतं, त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच सांगायला इतकं मिळालं होतं की सांगवेना.

आतून प्रियंकाचा आवाज येत होता, कधी उंच, कधी अगदी बारीक. शब्द कळत नव्हते. तो थांबला की सत्यभामाबाईंचा आवाज येई.

"मंग?"

नागोरावांनी माझ्याकडे वळून हातानं विचारलं, काय चाललंय? मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हटलं, "बोलून राह्यल्या."

त्यांनी मान हलवली. मग जिन्यातून खाली वाकून धम्मरत्नला सांगितलं, की बाप्पा, गाडी सावलीत लाव, आता काही लवकर निघणं होत नाही.

वरती पुन्हा शांतता झाली, आणि पुन्हा तोच आवाज, या वेळी जरा हळू.

"मंग?"